पाळकीणबाईंची साक्ष

एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक आणि त्यांची बायको पाळकीणबाई यांच्यात लग्नापासून एकच भांडण होतं, आणि ते मिटत नव्हतं. देवाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची कशी?

पाळकांचं म्हणणं होतं, सांगायची म्हणजे तोंडाने सांगायची. ते बसथांब्यावर येशूच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभे राहायचे. आवाज असा की समोरच्या तारेवरची कबुतरं उडायची. "मेल्यावर कुठे जाणार, याचा विचार केलाय का?" असं ते कुणालाही विचारायचे. एकदा एक जण धावत धावत म्हणाला, "आधी कामावर तर जाऊ द्या, महाराज!" त्यावर पाळक स्वतःच खो खो हसले आणि हसता हसता त्याच्या हातात पत्रिका सरकवली. लोक दार तोंडावर लावायचे. पाळक दुसरं दार वाजवायचे. त्यांच्या अंगाला काही लागायचंच नाही.

पाळकीणबाईंना हे पटायचं नाही. त्या शांत स्वभावाच्या. कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान चालवायच्या. पँट आखूड करायची, चेन बदलायची, घट्ट झालेला ड्रेस उसवून सैल करायचा. "माणसाच्या दुःखापाशी बसल्याशिवाय त्याच्याशी देवाबद्दल बोलायचा आपल्याला हक्क नाही," असं त्या म्हणायच्या.

"आणि बसता बसता बोलायचंच राहून गेलं तर?"

"वेळ आली की बोलेन."

"तुझी वेळ कधी यायची? न्यायाच्या दिवशी?"

"आणि तुमचं काय? पालथ्या घड्यावर पाणी. गावभर ओरडून आजवर किती माणसं आणलीत?"

मग पाळक चहाचा कप उचलून खिडकीशी जायचे. हा घाव बसतो हे पाळकीणबाईंना ठाऊक होतं, म्हणून तो त्या जपून वापरायच्या.

मंडळीत तिसऱ्या मताचे एक मास्तर होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मते श्रद्धा ही पटवून द्यायची गोष्ट होती. आधी समोरच्याची शंका ऐकायची, मग एकेक मुद्दा खोडायचा. मास्तरांशी वादात कुणी जिंकलं नव्हतं, आणि वाद हरून कुणी मंडळीतही आलं नव्हतं.

पाळकीणबाईंच्या दुकानाला लागून लाँड्री होती. पूर्वी दोन्ही मिळून एकच गाळा होता, त्यामुळे मधे एक दार राहिलं होतं. ते दार कायम उघडं असायचं, कारण लाँड्रीतली वाफ कुठून तरी बाहेर जायला हवी. तिथल्या मोठ्या प्रेसवर जी बाई काम करायची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. अंगाने एवढीशी, आणि तोंड सतत चालू. हॉटेलांच्या चादरी, कोट, पडदे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. पायाने पेडल दाबलं की प्रेसचं वरचं फळकूट खाली यायचं, फुस्स करून वाफ उठायची, आणि त्या वाफेतून चिमणीचा आवाज यायचा.

पहिल्याच आठवड्यात तिने बजावलं होतं, "हे बघ पाळकीण, मैत्री करायची तर कर. पण देवबिव सांगायचा नाही. तुझा नवरा थांब्यावर सांगतो तेवढा पुरे. सकाळी सकाळी भोंगा."

"नाही सांगणार," पाळकीणबाई हसून म्हणाल्या.

आणि त्यांनी खरंच सांगितला नाही. दुपारी दोघी डबा एकत्र खायच्या. चिमणी गिऱ्हाइकांच्या नकला करायची. कोटाच्या खिशात विसरलेल्या चिठ्ठ्या, केसांच्या पिना, एकदा तर नकली दात सापडले, त्या दातांवरून दोघी आठवडाभर हसत होत्या. पाळकीणबाईंना आयुष्यात अशी मैत्रीण मिळाली नव्हती. पाळकाच्या बायकोला सगळे मान देतात, पण तिच्यासमोर मोकळं कुणी हसत नाही. चिमणी हसायची, आणि वर पाठीत धपाटाही घालायची.

मग चिमणीची मुलगी गेली. शाळेत जाणारी, आईसारखीच बडबडी. ताप आला, डोक्यात गेला, आणि इस्पितळातून मूल जिवंत परत आलं नाही. चिमणीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पाळक समाचाराला आले ते दारातच म्हणाले, "बाई, तुमची लेक देवाच्या मांडीवर आहे." चिमणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. पाळकीणबाई मात्र आत होत्या. त्या दिवशी त्या फरशीवर तिच्याशेजारी बसल्या त्या घरी गेल्याच नाहीत. काही बोलल्या नाहीत. भांडी घासली, तिच्या नवऱ्याला जेवू घातलं, आणि पुन्हा येऊन फरशीवर बसल्या.

चिमणी कामावर परतली, पण तिचं तोंड मिटलं. प्रेसचा तेवढा आवाज यायचा. पाळकीणबाई रोज मधल्या दारातून चहा न्यायच्या. असं पुष्कळ दिवस गेल्यावर एकदा चादरीची टोकं जुळवता जुळवता चिमणी खालच्या मानेने म्हणाली, "तुला एक सांगते. कुणाला बोलू नकोस. ह्यांनासुद्धा माहीत नाही."

ती दर शनिवारी, नवरा ट्रकवर असला की, मुलीचा शाळेचा गणवेश कपाटातून काढायची. पाणी शिंपडून इस्त्री करायची. कॉलर, बाह्या, चुण्या. मग घडी घालून परत ठेवायची. "सोमवारसाठी," ती म्हणाली. "वेडी झालेय ना मी?"

"नाही गं," पाळकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते अश्रू खोटे नव्हते, हे इथे सांगायला हवं, कारण पुढे त्यांच्या स्वतःच्याच मनात त्याविषयी शंका आली.

त्यानंतर काही आठवड्यांनी चिमणीने आपणहून विचारलं, "पाळकीण, तुझा देव लहान मुलांना नावाने ओळखतो का गं?" वेळ आली, असं पाळकीणबाईंना वाटलं. पण तेवढ्यात लाँड्रीचा मालक कोट घेऊन आला आणि बोलणं राहिलं.

त्याच सुमाराला मंडळीच्या पंचांनी ठरवलं, की रविवारी उपासनेनंतर थांबून सगळ्यांनी विचार करायचा: सुवार्ता सांगायची ती कोणत्या मार्गाने? पाळक घरी येऊन म्हणाले, "मास्तर बोलणार, मी बोलणार. तू वर्षानुवर्षं मला नावं ठेवतेस, आता तूही उभी राहा आणि सांग तुझा मार्ग."

"मला नाही जमत लोकांपुढे."

"का? सांगण्यासारखं काही नाही म्हणून?"

हे लागलं. पाळकीणबाई उभ्या राहायला तयार झाल्या.

टायरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल, रांगेत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खालून येणारा रबराचा वास. मास्तरांनी फळ्यावर आकृती काढून सृष्टीला कर्ता असलाच पाहिजे हे सिद्ध केलं, आणि मागच्या दोन म्हाताऱ्यांना झोप लागली. पाळकांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की घराला आग लागली तर आपण शेजाऱ्याशी आधी ओळख वाढवत बसत नाही, ओरडतो. लोकांनी माना डोलवल्या. मग पाळकीणबाई उठल्या.

सुरुवात फसली. प्रेम, धीर, सेवा, शब्द कोरडे पडत गेले. कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं. पाळक पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, किंवा बाईंना तसं वाटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी एका बहिणीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही."

आणि त्यांनी सांगितलं. मुलीचा ताप सांगितला. फरशीवर बसणं सांगितलं. "मी एक शब्द बोलले नाही. वाट पाहिली," त्या म्हणाल्या. हॉल शांत होत गेला. ती शांतता बाईंना चढली. त्यांनी शनिवारचा गणवेश सांगितला. कॉलर, बाह्या, चुण्या. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मास्तरांनी चष्मा काढला. पाळकांची हाताची घडी सुटली.

"आणि आता," पाळकीणबाई म्हणाल्या, "ती स्वतःच मला देवाबद्दल विचारायला लागली आहे."

"म्हणजे मासा गळाला लागलाच म्हणायचा!" एक पंच मोठ्याने म्हणाले. रडणारे लोक एकदम हसले. सुटका झाल्यासारखे हसले. पाळकीणबाईही हसल्या.

तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीपाशी चिमणी उभी होती. ठेवणीतले कपडे घातलेली, केस नीट विंचरलेली. ती हॉलमध्ये कधीच आली नव्हती. कुणी बोलावलं नव्हतं, तिची ती आली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. तिने आरडाओरडा केला नाही. पाळकीणबाईंकडे पाहिलं, खुर्ची पुन्हा रांगेत नीट लावली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मधलं दार बंद होतं. पाळकीणबाई रस्त्याने वळसा घालून लाँड्रीत गेल्या. चिमणी पडदे दाबत होती.

"माझं चुकलं," पाळकीणबाई म्हणाल्या. "मी नाव घेतलं नव्हतं."

"त्या हॉलमधल्या निम्म्या बायकांचे कपडे ह्या प्रेसवर येतात. नावाची काय गरज?" फुस्स. वाफ. "एक विचारू? खरं सांगशील?"

"सांगेन."

"मी तुझं काम होते का गं?"

"नाही. तू मैत्रीण आहेस माझी."

"मग त्या माणसांना तू कुणाची गोष्ट सांगत होतीस? मैत्रिणीची, की कामाची?" चिमणीने पेडलवरचा पाय काढला. आवाज थांबला. "माझी पोर गेली त्या दिवशी तू माझ्याशेजारी बसलीस. दिवसभर. मला वाटलं, ही बाई देवासारखी आहे, काही बोलत नाही, काही मागत नाही. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? नुसती बसली होतीस, की वाट बघत होतीस?"

पाळकीणबाईंना त्या फरशीचा गारवा आठवला. आणि तिथे मनातल्या मनात केलेली प्रार्थनाही आठवली. खोटं बोलणं सोपं होतं. कदाचित तेच मायेचं झालं असतं. पण देवाच्या नावाने सगळं चाललं असताना त्यांच्याने खोटं बोलवेना.

"मी रडत होते," त्या म्हणाल्या. "आणि... मी प्रार्थना करत होते. प्रभू, आता तरी हिचं दार उघड."

चिमणीने पडद्याची कड बोटांत धरली.

"आता तरी," ती म्हणाली. "माझं लेकरू आत चादरीखाली होतं, आणि तुला वाटलं, आता तरी."

"तसं नव्हतं गं. तुझ्या भल्यासाठीच..."

"तुझा नवरा बरा. दारात उभा राहून काय ते बोलला. मी दार लावलं, विषय संपला. फेरीवाल्याची पिशवी उघडी असते, घ्या नाहीतर नका घेऊ. तू रिकाम्या हातांनी घरात शिरलीस. मी तुला कपाटातलंसुद्धा सांगितलं."

"काल तू का आली होतीस?" पाळकीणबाईंनी विचारलं. ते विचारायला नको होतं, हे त्यांना शब्द सुटताच कळलं.

"विचारायचं होतं काहीतरी." चिमणीने पडदा ओढून सरळ केला. "ते आता राहू दे. जा तू. पडदे तापलेत."

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण चिमणीचा नवरा फेरी करून परतला तेव्हा ट्रकच्या अड्ड्यावर एकाने त्याला सांत्वन म्हणून म्हटलं, "वहिनींना जप रे. अजून कपडे इस्त्री करतात म्हणे पोरीचे." नवरा वाईट माणूस नव्हता. आपल्याला घरातलं कळत नाही आणि गावाला कळतं, याची त्याला लाज वाटली, आणि बायकोची भीती वाटली. चिमणी कामावर असताना त्याने मुलीचं कपाट रिकामं केलं आणि जुने कपडे घेणाऱ्याला सगळं देऊन टाकलं. गणवेश, फ्रॉक, मोजे. त्याला वाटलं, एकदाच रडेल आणि सुटेल.

चिमणी रडली नाही. ती रिकाम्या कपाटासमोर बसून राहिली, आणि नवराच रडायला लागला. त्याला दुसरं कुणी सुचेना, म्हणून तो पाळकीणबाईंच्या दुकानात आला.

"ताई, तुम्ही तिच्या जवळच्या. चला ना. तुमचं ऐकेल."

त्याला हॉलमधलं काही ठाऊक नव्हतं. ती गोष्ट कुणाच्या तोंडून बाहेर पडली हेही ठाऊक नव्हतं. पाळकीणबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली आणि त्याला सांगितलं. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही?" आला तसा निघून गेला.

त्याच दिवशी पाळकीणबाई जुन्या कपड्यांच्या गोदामात गेल्या. पत्र्याच्या छपराखाली कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. रखवालदाराने विचारलं, "काय हरवलंय?" त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "शाळेचे तिकडे टाकतात," आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे गणवेशांचा डोंगर होता. सगळे एकाच रंगाचे, एकाच शिवणीचे. पाळकीणबाई एकेक उचलून पाहू लागल्या. कुणाच्या कॉलरला शाई, कुणाचं बटण तुटलेलं. चिमणीच्या मुलीचा गणवेश कसा ओळखायचा? आतल्या बाजूला नाव शिवलं होतं का? त्यांना माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्या घरात जात होत्या, आणि तो गणवेश त्यांनी प्रत्यक्षात कधी पाहिलाच नव्हता. नुसता ऐकला होता, आणि ऐकलेला सांगितला होता.

त्यांच्या मनात आलं, यातला एक न्यावा. धुवावा, मापाने आत घ्यावा. त्यांच्या हाताला ते काहीच अवघड नव्हतं. चिमणीला कळणारही नाही. मग त्यांना स्वतःची किळस आली. हातातला गणवेश त्यांनी ढिगावर ठेवला आणि त्या घरी आल्या.

पाळकांनी बायकोला असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, हे आता आपल्या पद्धतीने सोडवावं. ते चिमणीच्या घरी गेले. चिमणीने दार उघडलं.

"बाई, मी आडपडदा न ठेवता बोलतो. माझ्या बायकोचं चुकलं. पण तिचं प्रेम खरं होतं. आणि ज्याच्यासाठी तिने ते केलं, तोही खरा आहे."

"असेल," चिमणी म्हणाली. "असेल खरा. पण आता तो दिसला की मला तुमचा हॉल दिसतो. ते लोक हसताना दिसतात. याला मी काय करू, तुम्हीच सांगा."

चिमणीने दार हळूच लावलं. पाळक पुढचं दार वाजवायला गेले नाहीत.

मास्तर समजूत घालायला आले. म्हणाले, "हेतू आणि परिणाम वेगळे धरावेत, बाई. तुमचा हेतू शुद्ध होता, हे तर्काने दाखवता येईल."

"दाखवू नका, मास्तर," पाळकीणबाई म्हणाल्या. "मला तो हेतूच सापडत नाहीये. मी शोधतेय. तिला चहा न्यायचे तेव्हा चहा किती होता आणि देव किती होता, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग चहा न घेताच उठले.

महिनाअखेर चिमणी आणि तिचा नवरा घर सोडून गेले. त्याने दुसऱ्या शहरात काम धरलं होतं. कुठल्या, ते लाँड्रीच्या मालकालाही नीट ठाऊक नव्हतं. पाळकीणबाईंना कळलं तेव्हा प्रेसवर दुसरी बाई उभी होती. ती अबोल होती. मधलं दार तिने वाफेसाठी पुन्हा उघडलं, पण पलीकडून आता फक्त प्रेसचाच आवाज यायचा.

पाळक बसथांब्यावर जात राहिले, कारण न जाऊन काय करणार? पण आवाज बसला होता. पत्रिका पुढे करायचे, कुणी घेतली नाही तर हात मागे घ्यायचे. घरातलं जुनं भांडण संपलं होतं. एकदा पाळकांनीच ते उकरून पाहिलं. "अगं, माझीच पद्धत चुकीची होती, असं म्हण ना एकदा," ते जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले. पाळकीणबाईंनी त्यांच्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाल्या, "तुमची निदान दिसत तरी होती."

त्या प्रार्थनेला बसायच्या. श्रद्धा गेली नव्हती, गेली असती तर सोपं झालं असतं. पण कुणासाठी काही मागायला गेल्या, की जीभ जड व्हायची. प्रभू, हिचं... यापुढे वाक्य जात नसे.

हिवाळ्यात एक तरुण बाई दुकानात आली. अंगावरचा कोट तिला मोठा होत होता. पुरुषाचा कोट होता. "हा माझ्या मापाचा होईल का?" तिने विचारलं. पाळकीणबाईंनी टेप घेतली. खांद्याचं माप घेताना ती बाई एकदम रडू लागली. कोट तिच्या भावाचा होता, एवढंच ती कसंबसं बोलली. दुकानात आणखी कुणी नव्हतं. शेजारी रिकामी खुर्ची होती. स्टोव्हवर चहा होता.

पाळकीणबाईंचा हात तिच्या पाठीवर जायला निघाला. तो हात कशासाठी निघाला आहे, हे त्यांना कळेना. त्यांनी तो हात परत टेपवर आणला, खांद्याचं माप कागदावर लिहिलं, मग बाहीचं.

"गुरुवारी या," त्या म्हणाल्या.

बाईने डोळे पुसले, क्षणभर थांबली, कुणी काही म्हणेल अशी वाट पाहिल्यासारखी. मग दार ओढून घेऊन थंडीत निघून गेली. पाळकीणबाईंनी कोट उलटा केला आणि खांद्याची शिवण उसवायला घेतली.